शेल तेलाच्या, म्हणजे घट्ट खडकात अडकलेल्या तेलाच्या, आडव्या विहिरी दरवर्षी जास्त तेल देतात असं वाचतो, आणि त्यांची उत्पादकता घटतेय असंही वाचतो. नक्की खरं काय?

दोन्ही खरं आहे. फक्त एक जण तेलाला विहिरींच्या संख्येनं भागतो आणि दुसरा फुटांनी.

अमेरिकेच्या ऊर्जा माहिती प्रशासनाच्या आकड्यांप्रमाणे वेस्ट टेक्सास आणि न्यू मेक्सिकोतल्या पर्मियन बेसिनमध्ये विहिरीच्या आडव्या भागाची, म्हणजे लॅटरलची, सरासरी लांबी 2010 मध्ये 4,000 फुटांच्या आत होती. 2022 मध्ये ती 10,000 च्या वर गेली. अडीचपट लांब विहीर जास्त तेल देणारच, त्यात खडकाचं काय कौतुक? समजा 10,000 फुटांची विहीर 5,000 फुटांच्या विहिरीच्या दीडपट तेल देते. मग विहिरीमागे 50 टक्के वाढ झाली आणि फुटामागे 25 टक्के घट झाली. कंपनी गुंतवणूकदारांना पहिला आकडा दाखवते. दुसरा तुम्हालाच काढावा लागतो. फुटामागचा आकडाही 2010 च्या दशकात खरोखर चढला होता, कारण फ्रॅक करताना, म्हणजे दाबानं पाणी आणि वाळू घुसवून खडक फोडताना, दर फुटाला वाळू आणि पाणी जास्त जायला लागलं आणि स्टेज, म्हणजे एका वेळी फोडायचे टप्पे, एकमेकींच्या जवळ आल्या. पर्मियनच्या बऱ्याच भागात तो चढ आता थांबलाय, काही ठिकाणी उतार लागलाय.

रिगमागे, म्हणजे विहीर खणणाऱ्या यंत्रामागे, किती बॅरल, हा आकडा तर सोडूनच द्या. 2020 मध्ये रिग धडाधड थांबल्या, पण आधी खणून ठेवलेल्या विहिरी फ्रॅक होऊन उत्पादनात येत राहिल्या. लगेच रिगमागचं उत्पादन आकाशाला भिडलं. खडक होता तसाच होता.

फुटामागे तेल का घटतं, यावर मात्र मी सविस्तर लिहिणार आहे, कारण वेस्ट टेक्सासमध्ये रिझर्व्हॉयर इंजिनियर म्हणून याच मुद्द्यावर मी भांडलोय.

रीव्ह्ज काउंटीत वुल्फकॅम्प थरात आमची एक एकटी विहीर होती. आजूबाजूला कोणी नाही, दोन्हीकडचा खडक तिचाच. पहिल्या वर्षी तिनं झकास तेल दिलं. आमच्या ॲसेट मॅनेजरनं तिच्यावरूनच टाइप कर्व्ह, म्हणजे पुढच्या विहिरींच्या अपेक्षित उत्पादनाचा आलेख, बनवला, नकाशावर 660 फुटांवर एक याप्रमाणे, म्हणजे मैलभर रुंदीत आठ विहिरी मांडल्या, आणि प्रत्येकीला त्या एकटीचं उत्पादन चिकटवलं. मी 1,320 फूट मागत होतो, म्हणजे चारच. खडकाची पारगम्यता, म्हणजे तेल आतून वाहू देण्याची क्षमता, नॅनोडार्सीत, म्हणजे अगदी नगण्य असते, त्यामुळे तेल लांबून चालत येत नाही, एवढं त्याचं म्हणणं बरोबर होतं. पण फ्रॅक केलेल्या भेगा लांब जातात, आणि त्या कुठे जायचं हे आपल्याला विचारत नाहीत. जुन्या विहिरीनं तेल काढलं की तिच्याभोवतीचा दाब उतरतो, दाबाबरोबर खडकातला ताणही उतरतो, आणि नव्या विहिरीच्या भेगा त्या कमकुवत बाजूला धावतात. म्हणजे नवी विहीर आधीच उपसलेला खडक पुन्हा फोडते आणि दुसऱ्या बाजूचा ताजा खडक तसाच राहतो. धंद्यात याला पॅरेंट-चाइल्ड प्रकरण म्हणतात. मीटिंगमध्ये मी हे सांगितलं तेव्हा उत्तर मिळालं, ‘बोर्डाला विहिरींची संख्या आधीच सांगून झालीय.’

शेजारच्या पहिल्या नव्या विहिरीचा फ्रॅक सुरू झाला तेव्हा जुनी विहीर बंद करून ठेवली होती. मी फ्रॅक व्हॅनमध्ये बसून जुनीच्या तोंडावरचा दाब बघत होतो. अर्ध्याअधिक स्टेज काही झालं नाही. मग एका स्टेजला पंप चालू झाले आणि थोड्या वेळात बंद विहिरीचा दाब चढायला लागला. पंप थांबले की चढ थांबायचा, पुढच्या स्टेजला पुन्हा तेच. याला फ्रॅक हिट म्हणतात आणि यात शंकेला जागाच नसते.

जुनी विहीर उघडल्यावर नुसतं पाणी येत राहिलं. नंतर तिचा पंप बंद पडला. मॅनेजरनं निष्कर्ष काढला की पंप निकृष्ट होता आणि ऑपरेशन्सनं दुर्लक्ष केलं. आमचा पंपर, म्हणजे रोज विहिरींवर फेरी मारणारा माणूस, याला फार लागलं ते. त्यानं सेपरेटरमधून, म्हणजे तेल, पाणी आणि वायू वेगळे करणाऱ्या टाकीतून, काढलेली वाळू पिशवीत भरून माझ्या टेबलावर ठेवली. ती तपकिरी होती. जुनी विहीर फ्रॅक केली तेव्हा विस्कॉन्सिनहून आलेली पांढरीशुभ्र वाळू वापरली होती. नव्या विहिरींना विंकलर काउंटीतल्या टेकाडांची स्थानिक तपकिरी वाळू होती. पांढऱ्या वाळूच्या विहिरीतून तपकिरी वाळू वर येते, याचा दुसरा काय अर्थ होतो?

ती पिशवी मी मीटिंगला नेली. मॅनेजरनं स्लाइड दाखवली ती लीजच्या, म्हणजे भाडेपट्ट्यानं घेतलेल्या अख्ख्या जमिनीच्या, एकूण उत्पादनाची, आणि तो आलेख अर्थातच वर चालला होता, नव्या विहिरी चालू झाल्या होत्या ना! टेक्सासमध्ये रेलरोड कमिशनला, म्हणजे राज्याच्या तेल-वायू नियामकाला, तेलाचं उत्पादन लीजप्रमाणे कळवलं जातं, विहिरीप्रमाणे नाही. एका लीजवर अनेक विहिरी असल्या की प्रत्येकीचा वाटा विहिरींच्या चाचण्यांवरून वाटून काढावा लागतो. जुन्या विहिरीचं नुकसान त्या बेरजेत सहज गडप झालं. नव्या विहिरी टाइप कर्व्हच्या बऱ्याच खाली राहिल्या, तेव्हा ‘भूगर्भ जरा वेगळा निघाला’ असं अहवालात लिहिलं गेलं. भूगर्भ तोच होता. वाटेकरी वाढले होते.

टाइप कर्व्हबद्दलही एक सांगतो. विहिरीचं उत्पादन कसं घटत जातं याचं गणित आर्प्स नावाच्या अभियंत्यानं 1945 मध्ये मांडलं ते पारंपरिक विहिरींसाठी. त्यात b नावाचा घातांक असतो. शेल विहिरीच्या सुरुवातीच्या महिन्यांवर वक्र बसवला की b एकाच्या वर येतो, आणि तो तसाच कायम पुढे ओढला तर एकूण तेल अनंत निघतं! म्हणून पुढे कुठेतरी ठरावीक वार्षिक घट लावायची असते. ती किती आणि कधी लावायची, यावर कागदावरचे साठे फुगतात किंवा आटतात. पहिल्या 24 तासांचा आकडा तर मी बघतही नाही. चोक, म्हणजे विहिरीच्या तोंडावरचा प्रवाह आवरणारा झडप, मोठा उघडला की कुठलीही विहीर दिवसभर चमकते, आणि पहिल्या वर्षात शेल विहीर निम्म्याहून जास्त उतरतेच.

तेव्हा तुम्ही कुठल्या कंपनीचे आकडे बघत असाल, तर 12 किंवा 24 महिन्यांचं एकत्रित तेल घ्या, लॅटरलच्या फुटांनी भागा, आणि विहिरी वर्षवार वेगळ्या करा. नॉर्थ डकोटात विहीरवार आकडे सरकारच दर महिन्याला देतं, तिथे हे स्वच्छ करता येतं. टेक्सासमध्ये वाटून काढलेल्या आकड्यांवर भागवावं लागतं, हे लक्षात ठेवा.

आणि हे वाचून शेल बुडालं असं समजू नका. 2008 मध्ये अमेरिका दिवसाला सुमारे 50 लाख बॅरल काढत होती, 2024 मध्ये 1 कोटी 30 लाखांच्या वर, आणि यातली बहुतेक वाढ याच आडव्या विहिरींची आहे. लांब लॅटरलचा फायदाही खराच आहे: उभा भाग आणि वरची सामग्री एकदाच लागते, त्यामुळे फुटामागे तेल घटूनही बॅरलचा खर्च कमी होऊ शकतो. लॅटरलच्या टोकाकडचा भाग कमी देतो, म्हणूनही सरासरी थोडी पडते. बाकेन, ईगल फोर्ड, मिडलंड, डेलावेअर या शेल पट्ट्यांत प्रत्येक ठिकाणचा हिशोब वेगळा.

आमचा तो मॅनेजर अजूनही म्हणतो की आठही विहिरी एकदम खणून एकदम फ्रॅक केल्या असत्या तर काही बिघडलं नसतं. एकदम केल्यानं जुन्या विहिरीच्या उतरलेल्या दाबाचा प्रश्न सुटला असता, मान्य. पण 660 फुटांवर आठ जणींच्या भेगा एकमेकींच्या हद्दीत शिरल्याच असत्या आणि प्रत्येकीच्या वाट्याचा खडक तेवढाच अरुंद राहिला असता. 2019 नंतर कितीतरी कंपन्यांनी विहिरींमधलं अंतर वाढवलं, ते उगाच नाही.