गळ्याचं मशीन घेण्याआधी बाबांचं तोंड टॉर्च लावून बघा

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. बाबांना पक्षाघात होऊन सात आठवडे झाले, नाकातून पोटात अन्न पोचवणारी नळी (राईल्स ट्यूब) आहे, तोंडाने थेंबही देत नाही, तरी दोनदा न्यूमोनिया झाला. आणि आता गळ्याला पॅड लावून करंट देणारं मशीन 45 हजारांना विकायला एकजण घरी येऊन गेलाय. घ्यावं का?

आज तरी नको. मी डॉक्टर नाही. सासऱ्यांचं चार वर्षं केलं, त्यातले चौदा महिने ते नळीवर होते, एवढाच माझा अधिकार. चुका मात्र सगळ्या करून झाल्यात.

तोंडाने काहीच देत नाही तर न्यूमोनिया कसा, हे कोडं आम्हालाही सुटत नव्हतं. नळीने अन्नाची वाट बदलते, लाळेची नाही. माणसाच्या तोंडात दिवसाला अर्धा ते दीड लिटर लाळ तयार होते. आपण ती नकळत गिळतो. ज्यांना गिळता येत नाही त्यांची ती थोडी थोडी श्वासनलिकेत उतरते आणि तोंडातले जंतू घेऊनच उतरते. त्यात चघळणं बंद झालं की तोंड आपोआप साफ होणंही बंद. आमच्याकडे ‘जेवतच नाहीत तर दात कशाला घासायचे’ असंच चाललं होतं. स्पीच थेरपिस्ट (बोलण्याबरोबर गिळण्याचेही उपचार करणाऱ्या) पहिल्यांदा घरी आल्या, त्यांनी टॉर्च मारून टाळू दाखवला. पिवळा, वाळलेला पापुद्रा चिकटलेला. मला लाजेनं मान वर करवेना.

जपानमध्ये 11 वृद्धाश्रमांत दोन वर्षं हेच तपासलं होतं. ज्यांचे दात प्रत्येक जेवणानंतर कुणीतरी घासून दिले त्यांच्यात 11 टक्क्यांना न्यूमोनिया झाला, बाकीच्यांत 19 टक्क्यांना. 2002 साली ते छापून आलं. इतका फरक पाडणारं ‘मशीन’ म्हणजे साधा टूथब्रश!

म्हणून पैसे खर्च करायचेच तर सक्शन मशीनवर, म्हणजे तोंडातली लाळ ओढून घेणाऱ्या मशीनवर, करा. पाठ उभी, मान एका कुशीला, लहान मुलांचा मऊ ब्रश, फेस न होणारी पेस्ट मुगाच्या दाण्याएवढी, आणि घासताना दुसऱ्या हाताने गालाच्या खोबणीत सक्शनची नळी. सक्शनलाच जोडता येतात असे ब्रशही मिळतात, त्याने एक हात मोकळा राहतो. पाण्याने चूळ भरायला लावू नका, ते पाणीच आत जाईल. कवळी असेल तर रात्री काढून ठेवायची. सक्शनची बाटली रोज रिकामी करून साबणाने धुवायची. आमच्या बाटलीला वास सुटला तेव्हा कळलं की आयाबाई ती फक्त ओतत होत्या.

दुसरं, खाट. फीड, म्हणजे नळीतून पातळ अन्न, देताना आणि नंतर तासभर डोक्याकडची बाजू 30 ते 45 अंश वर हवी. आम्ही उशांवर उशा रचायचो, तर सासरे पोटात दुमडून खाली घसरायचे आणि फीड उलट वर यायचं. शेवटी डोक्याकडची बाजू वर करता येणारी खाट, म्हणजे फाउलर बेड, भाड्याने आणला.

तिसरं, नळी जागेवर आहे का. पोटावर स्टेथोस्कोप ठेवून हवा सोडायची आणि ‘गुडगुड’ ऐकायची, ही पद्धत आपल्याकडे सर्रास चालते. ब्रिटनमध्ये 2005 सालीच त्यावर विसंबू नका अशी सूचना निघाली, कारण नळी फुप्फुसात असली तरी आवाज येऊ शकतो. नळीतून आतला थोडा द्राव वर ओढून पीएच पट्टीवर (आम्लता दाखवणाऱ्या कागदावर) टाकायचा, 5.5 किंवा कमी आलं तर तो पोटातला. ॲसिडिटीची गोळी चालू असेल तर आकडा फसवतो, मग एक्स-रे. नाकपुडीपाशी नळीवर मार्करने खूण करून ठेवा. ती सरकलेली दिसली की फीड थांबवून डॉक्टरांना फोन.

आता तुमच्या मशीनबद्दल. गिळताना कंठमणी वर उचलला गेला पाहिजे. मानेवरचे पॅड नुसतेच लावले तर काही रुग्णांत तो उलट खाली ओढला जातो, असं तपासण्यांत दिसलंय. शिकलेल्या थेरपिस्टच्या हाताखाली, गिळण्याच्या व्यायामाबरोबर वापरलं तर काहींना फायदा होतो, पण निकाल सरसकट एकसारखे नाहीत. घरी येऊन विकणारा माणूस पॅड कुठे लावायचे हे कशाच्या आधारावर सांगणार? आधी गिळण्याची तपासणी हवी: एकतर बेरियम पाजून चालत्या एक्स-रेवर, नाहीतर नाकातून बारीक दुर्बीण घालून. ही दुर्बिणीची तपासणी कान-नाक-घसावाले करतात. ती का हवी, तर कित्येकांना लाळ आत गेल्यावर ठसकाच लागत नाही. आमचे सासरे त्यातलेच. ‘ठसका नाही म्हणजे बरं आहे’ असं समजून मी त्यांना चमच्याने चहा पाजलाय.

घशाच्या आतून करंट देणारं एक वेगळं यंत्र आहे, फॅजेनिक्स. नाकातून घातलेल्या नळीवरच त्याचे इलेक्ट्रोड असतात. रोज 10 मिनिटं, तीन दिवस. गळ्याला छिद्र करून नळी बसवलेल्या पक्षाघाताच्या रुग्णांवरच्या एका चाचणीत त्याने 49 टक्के जण ती नळी काढण्याजोगे झाले, करंट न देता नुसतं उपचाराचं नाटक केलेल्यांत 9 टक्के. अमेरिकेत 2022 साली परवानगी मिळाली. पण ते हॉस्पिटलातलं काम, घरचं नव्हे.

नाकातली नळी आणखी लांबणार असेल तर पोटातल्या नळीचं, म्हणजे पेगचं, डॉक्टरांना विचारा. नाक सुटतं, नळी ओढली जाण्याची भीती कमी होते. लाळेचा प्रश्न मात्र तिथेही तसाच राहतो, तेव्हा ब्रश सुटत नाही.

थेरपिस्ट शोधताना रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडियाची नोंदणी आहे का ते विचारा, त्यात संकोच नको. आणि एवढं कळवा: बाबांना पेसमेकर आहे का, कवळी आहे का, आणि ॲसिडिटीची कुठली गोळी चालू आहे?