जी-20मध्ये नोकरी कशी लागते?

निफाड तालुक्यातील एका पालकांच्या पत्राचा सारांश असा : "आमची द्राक्षबाग आहे, थोडा कांदाही असतो. मुलगी नाशिकच्या महाविद्यालयात बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला अर्थशास्त्र विषय घेऊन शिकते. दिल्लीत जी-20 परिषद झाली तेव्हा ती बारावीत होती, आणि तेव्हापासून आपल्याला अशाच ठिकाणी काम करायचे आहे असे ती म्हणते. तिचे काका म्हणतात, बी.एड. करून मोकळी हो. जी-20मध्ये भरती कशी होते, त्यासाठी कोणती परीक्षा असते? एक संस्था 'जी-20 युवा प्रतिनिधी' असे प्रमाणपत्र देण्यासाठी पैसे मागते आहे, ते भरावेत का? पुण्या-दिल्लीचा खर्च आमच्यासारख्यांनी करावा का?"

सप्रेम नमस्कार.

प्रमाणपत्राचे पैसे भरू नका. हे आधी लिहिते, कारण अशा संस्थांची शेवटची तारीख नेहमी उद्याचीच असते. कोणत्याही मंत्रालयात, बँकेत किंवा विद्यापीठात त्या कागदाकडे पाहून कोणी मुलीला आत घेणार नाही.

आता मूळ प्रश्न. जी-20मध्ये भरती होत नाही, कारण जी-20ला स्वतःचे कायमचे कार्यालय नाही आणि कर्मचारीही नाहीत. आशियातील आर्थिक संकटानंतर 1999 मध्ये अर्थमंत्री आणि मध्यवर्ती बँकांचे गव्हर्नर यांची बैठक म्हणून मोठ्या अर्थव्यवस्थांचा हा गट सुरू झाला. 2008 च्या जागतिक मंदीत, नोव्हेंबरमध्ये वॉशिंग्टन येथे, राष्ट्रप्रमुख त्यात प्रथम एकत्र बसले. अध्यक्षपद दरवर्षी एका देशाकडून दुसऱ्याकडे जाते आणि ज्याच्याकडे ते असेल त्याने त्या वर्षापुरती सगळी मांडामांड करायची असते. भारताकडे ते 1 डिसेंबर 2022 पासून 30 नोव्हेंबर 2023 पर्यंत होते. त्यासाठी दिल्लीत उभारलेल्या सचिवालयाला मंत्रिमंडळाने फेब्रुवारी 2024 पर्यंतचीच मुदत दिली होती. लग्न आटोपले की मांडव उतरवतात, तसेच हे. त्या सचिवालयात काम केलेली बहुतेक माणसे आपापल्या मूळ खात्यांतून आली होती आणि तिकडेच परत गेली. मुलीला जायचे असेल तर ते त्या खात्यांत, मांडवात नव्हे.

ज्याला आपण वर्तमानपत्री भाषेत 'नेतृत्व' म्हणतो ते नेमके काय असते, हे तिने समजून घेणे मला परीक्षांच्या यादीपेक्षा महत्त्वाचे वाटते. अध्यक्षपद हे पारितोषिक नाही, ती पाळी आहे. भारताने तर ती आधी इटलीशी आणि मग इंडोनेशियाशी अदलाबदल करून 2023 वर आणली. मात्र पाळी आलेल्या देशाला एक मोठा अधिकार मिळतो, तो म्हणजे चर्चेचे विषय ठरवण्याचा आणि पहिला मसुदा लिहिण्याचा. बाकीचे देश त्या मसुद्यातले शब्द खोडतात, घालतात, अडवतात. पण वाद होतो तो आपण मांडलेल्या कागदावर. 9 सप्टेंबर 2023 रोजी, परिषदेच्या पहिल्याच दिवशी, 83 परिच्छेदांचा दिल्ली जाहीरनामा एकमताने मंजूर झाला. युक्रेन युद्धावरच्या परिच्छेदांवरून तो अडकणार असे बहुतेकांना वाटत होते. भारताचे तेव्हाचे शेर्पा, म्हणजे पंतप्रधानांच्या वतीने वाटाघाटी करणारे प्रतिनिधी, अमिताभ कांत यांनी नंतर सांगितले की, त्यासाठी दोनशेहून अधिक तास सलग वाटाघाटी, तीनशे द्विपक्षीय बैठका आणि पंधरा मसुदे लागले. त्यांनी ज्या दोन अधिकाऱ्यांचे नाव घेऊन कौतुक केले, त्या ईनम गंभीर आणि नागराज नायडू ककनूर या भारतीय विदेश सेवेतील अधिकाऱ्यांपैकी एकीला स्पॅनिश अवगत आहे आणि दुसऱ्यांना चिनी. ही तयारी त्या वर्षी झालेली नव्हती. पाळी येण्याच्या कितीतरी वर्षे आधी ती झालेली होती. शिवाय त्या वर्षी इंडोनेशिया, भारत आणि ब्राझील असे मागचे, चालू आणि पुढचे तिन्ही अध्यक्ष विकसनशील देश होते, आणि आफ्रिकन युनियनला कायमचे सदस्यत्व मिळाले. गरीब देशांची कर्जे आणि विकास बँकांच्या सुधारणा हे विषय वर आले ते यामुळेही.

हे काम भारतात कोण करते? जी-20चे काम दोन वाटांनी चालते. शेर्पांची वाट परराष्ट्र मंत्रालयाच्या आधाराने चालली, तर अर्थविषयक वाट अर्थ मंत्रालयाचा आर्थिक व्यवहार विभाग आणि रिझर्व्ह बँक यांच्याकडे होती. जागतिक व्यापार संघटनेशी संबंधित बाबी वाणिज्य मंत्रालय पाहते. त्यामुळे तिच्यापुढे प्रामुख्याने तीन दारे आहेत. परराष्ट्र सेवेसाठी केंद्रीय लोकसेवा आयोगाची (यूपीएससी) नागरी सेवा परीक्षा द्यावी लागते. ती कोणत्याही पदवीवर देता येते आणि मुख्य परीक्षेची उत्तरे मराठीतही लिहिता येतात. भारतीय आर्थिक सेवेची परीक्षाही आयोगच घेतो, पण तिला अर्थशास्त्राची पदव्युत्तर पदवी लागते, वय 21 ते 30 असावे लागते, उत्तरे इंग्रजीतच लिहावी लागतात आणि अलीकडे जागा वर्षाला पन्नासच्याही आत असतात. तिसरे दार रिझर्व्ह बँकेच्या आर्थिक व धोरण संशोधन विभागातील 'ग्रेड बी' अधिकारी पदाचे, तेथेही एम.ए. अर्थशास्त्र आवश्यक. दिल्लीतील आरआयएस किंवा इक्रिएर यांसारख्या संशोधन संस्था हे चौथे, जरा अरुंद दार म्हणता येईल. तेथे लेखनाची आणि आकडेवारीची परीक्षा रोजच्या कामातच होते. कायमचे कार्यालय असलेली आंतरराष्ट्रीय संस्थाच हवी असेल तर ब्रिक्स (ब्राझील, रशिया, भारत, चीन, दक्षिण आफ्रिका) देशांनी उभारलेली न्यू डेव्हलपमेंट बँक आहे. तिचे मुख्यालय शांघायमध्ये आहे आणि पहिले अध्यक्ष के. व्ही. कामत होते. पण तिथे थेट पदवीनंतर जाण्याचे स्वप्न तूर्त बाजूला ठेवलेले बरे.

आपल्या माणसांनी हे केलेलेच नाही असे तिला वाटू देऊ नका. 1944 मध्ये अमेरिकेत ब्रेटन वुड्स येथे 44 देशांनी आंतरराष्ट्रीय नाणेनिधी आणि जागतिक बँकेचा पाया घातला, तेव्हा पारतंत्र्यातल्या भारताच्या शिष्टमंडळात रायगड जिल्ह्यातील नाते गावी जन्मलेले, रिझर्व्ह बँकेचे तेव्हाचे गव्हर्नर चिंतामणराव देशमुख होते.

आता जे तुम्ही पत्रात लिहिले नाही, पण ज्याच्यामुळे मला तुमच्या मुलीबद्दल विशेष आशा वाटते, ते लिहिते. दिल्लीच्या जाहीरनाम्यात जी-20 देशांनी शेतमालाचा व्यापार खुला आणि अंदाज बांधता येईल असा ठेवण्याची आणि व्यापार संघटनेच्या नियमांना धरून निर्यातबंदी टाळण्याची ग्वाही दिली. त्याच्या तीनच आठवडे आधी, 19 ऑगस्ट 2023 रोजी, केंद्राने कांद्यावर 40 टक्के निर्यात शुल्क लावले होते. लासलगावसह जिल्ह्यातले लिलाव बंद पडले होते आणि चाळीत ठेवलेल्या उन्हाळ कांद्याचे काय करायचे हा प्रश्न तुमच्याही घरात पडला असेल. जाहीरनाम्यानंतर तीन महिन्यांनी, डिसेंबरमध्ये, निर्यातच बंद झाली. ती उठायला मे 2024 उजाडले आणि तेव्हाही टनामागे 550 डॉलरची किमान निर्यात किंमत आणि 40 टक्के शुल्क कायम होते. शुल्क पूर्ण गेले ते 1 एप्रिल 2025 ला. यात सरकारची बाजू नाही असे मी म्हणणार नाही, शहरातल्या ग्राहकालाही मत असते आणि स्वयंपाकघरही. पण एकाच वर्षी जगाला खुल्या व्यापाराचा मसुदा लिहून देणारा देश घरी कांदा का अडवतो, हा प्रश्न दिल्लीत वाढलेल्या मुलाला पुस्तकात शोधावा लागतो, तुमच्या मुलीला तो ओट्यावर बसून ऐकू आला आहे. द्राक्षांचेही तेच. 2010 मध्ये क्लोरमेक्वाट क्लोराइड या वेलींवर फवारल्या जाणाऱ्या रसायनाच्या अंशावरून युरोपने आपले कंटेनर अडवले, त्यानंतर रेसिड्यू रिपोर्ट (फळातील रसायनांच्या अंशांचा तपासणी अहवाल) हा शब्द बागायतदारांच्या घराघरांत गेला. आंतरराष्ट्रीय नियम म्हणजे काय, हे आपल्या बागेच्या निर्यातीसाठीच्या नोंदणीतून कळलेली मुलगी ही मोठी सुरुवात आहे, फक्त तिला ते मांडता आले पाहिजे.

इथे अडचण गणिताची आहे, आणि ती मी सौम्य करून सांगणार नाही. कला शाखेतून अर्थशास्त्र घेणारी आपल्याकडची बहुतेक मुले दहावीनंतर गणिताला हात लावत नाहीत. मात्र पुण्याची गोखले अर्थशास्त्र संस्था, मुंबई विद्यापीठाचे स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स अँड पब्लिक पॉलिसी, दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स किंवा भारतीय विदेश व्यापार संस्था, यांपैकी कुठेही चांगले एम.ए. करायचे तर कलन (कॅल्क्युलस), रेषीय बीजगणित आणि संख्याशास्त्र आल्याशिवाय निभाव लागत नाही. प्रवेश परीक्षेतही ते विचारले जाते आणि वर्गात तर ते येते असे गृहीतच धरतात. हुशार मुली याच जागी मागे वळताना मी पाहिल्या आहेत, आणि त्या बुद्धीने कमी होत्या म्हणून नव्हे, तर दुसऱ्या वर्षाला कोणी सांगितले नाही म्हणून. तुमच्या मुलीच्या हातात अजून दीड वर्ष आहे. तिने आजपासून अकरावी-बारावीच्या विज्ञान शाखेची गणिताची पुस्तके काढून रोज दीड तास द्यावा. महाविद्यालयातल्या गणिताच्या एखाद्या प्राध्यापकांना विचारावे. विचारायला आलेल्या विद्यार्थिनीला सहसा कोणी परत पाठवत नाही. इंग्रजी लेखन त्याच्या जोडीला येईलच, त्यासाठी आर्थिक पाहणी अहवाल आणि रिझर्व्ह बँकेची मासिक पत्रिका वाचावी. दोन्ही इंटरनेटवर विनामूल्य आहेत. परदेशी भाषा पदवीनंतर पुण्यात रानडे इन्स्टिट्यूटमध्ये शिकता येईल, आत्ता घाई नको.

खर्चाविषयी : दिल्ली हा एकच मार्ग नाही. पुण्यात किंवा मुंबईत एम.ए. झाले तरी वर सांगितलेल्या तिन्ही परीक्षांना तिला समान संधी असते. शासकीय विद्यापीठात प्रवेश मिळाला तर शुल्कापेक्षा राहण्या-खाण्याचा खर्च जास्त असतो, तेव्हा वसतिगृह मिळते का हे आधी पाहावे. मात्र 'आंतरराष्ट्रीय संबंध' असे भारदस्त नाव असलेल्या महागड्या खासगी पदवीसाठी बाग गहाण टाकू नका. तिच्या काकांचा सल्लाही अगदी उडवून लावण्यासारखा नाही. त्यांना मुलीचे पोट सुरक्षित हवे आहे, आणि या वाटेवर वयाच्या सव्विसाव्या-सत्ताविसाव्या वर्षीही ती परीक्षाच देत असण्याची शक्यता आहे, हे घरात सगळ्यांनी आधी मान्य करावे. पण सुरक्षिततेसाठी बी.एड.च हवे असे नाही. चांगले एम.ए. असेल तर नेट-सेट देऊन महाविद्यालयात शिकवता येते, बँका आणि संशोधन कंपन्यांतही काम मिळते. गणित पक्के केल्याचा फायदा तिथेही होतो.

तिच्यासाठी एक काम देते. ऑगस्ट 2023 ते एप्रिल 2025 या काळातले लासलगाव बाजार समितीचे कांद्याचे रोजचे सरासरी भाव सरकारच्या ॲगमार्कनेट संकेतस्थळावरून काढावेत, त्यांचा आलेख काढून शुल्क, बंदी आणि किमान निर्यात किंमत यांच्या तारखा त्यावर खुणा करून दाखवाव्यात, आणि कोणत्या निर्णयानंतर भाव किती दिवसांत किती हलला हे दहा पानांत लिहावे, आधी मराठीत, मग इंग्रजीत. भाव पडला तो निर्णयामुळे की आवक वाढल्यामुळे, हे वेगळे करताना ती अडखळेल. तिथे तिने अडखळलेच पाहिजे, कारण अर्थशास्त्राचा खरा अभ्यास तिथून सुरू होतो.

द्राक्षांच्या गोडी (ऑक्टोबर) छाटणीच्या धांदलीत तुम्हाला नाशिकला येणे जमणार नाही हे मी जाणते. छाटणी उरकली की तिला घेऊन या, सोबत ती दहा पाने आणि गणिताची वही असू द्या. पाने अर्धवट असली तरी चालतील, वही मात्र भरलेली हवी.

आपली,
करिअर मार्गदर्शक, नाशिक