वाचकांचे प्रश्न : अकिलीसचं चिलखत, हायड्राची मुंडकी

प्रश्न : टाच सोडली तर अकिलीसच्या अंगाला शस्त्र लागत नव्हतं म्हणतात. मग त्याच्या आईने, थेटिसने, लोहारदेव हेफेस्टसकडून त्याच्यासाठी नवं चिलखत का घडवून घेतलं? यावर नाटुकलं लिहायचं आहे.

उत्तर : शंका रास्त आहे. होमरच्या 'इलियड' महाकाव्यातला अकिलीस अभेद्य नाहीच. २१व्या सर्गात अ‍ॅस्टेरोपायोस नावाचा, दोन्ही हात सारखेच चालणारा योद्धा त्याच्यावर एकदम दोन भाले फेकतो. एक ढालीच्या सोन्याच्या थरात अडतो, दुसरा उजव्या हाताला चाटून जातो आणि रक्त येतं. चिलखत हवं होतं, कारण जुनं त्याचा मित्र पॅट्रोक्लस घालून गेला होता आणि त्याला मारून ट्रॉयच्या हेक्टरने ते काढून घेतलं होतं.

अंग अभेद्य व्हावं म्हणून पाय धरून बाळाला पाताळातल्या स्टिक्स नदीत बुडवल्याची गोष्ट उपलब्ध ग्रंथांत प्रथम सापडते ती स्टेशियस या रोमन कवीच्या अपुऱ्या राहिलेल्या 'अकिलीड'मध्ये, इसवी सनाच्या पहिल्या शतकात. होमर त्याच्या साधारण ८०० वर्षं आधीचा. मधल्या काळात, इ.स.पू. तिसऱ्या शतकातल्या 'अर्गोनॉटिका'त, थेटिस बाळाला रात्री आगीत धरते आणि दिवसा अंगाला अँब्रोसिया (देवांचं अमृत) चोळते. बाळाच्या बापाच्या, पेलेउसच्या, नजरेस ते पडतं, तो ओरडतो, आणि ती चिडून बाळाला तिथेच टाकून समुद्रात निघून जाते. घोट्यात बाण लागून अकिलीस मेला ही कथा मात्र जुनी आहे. उरलेलं शरीर वज्राचं होतं, ही भर मागाहूनची. नाटुकलं लिहायचं असेल तर एकच परंपरा धरा; दोन्ही मिसळल्या की तुम्हाला पडला तोच प्रश्न प्रेक्षकांनाही पडेल.

प्रश्न : हायड्रा या अनेक मुंडक्यांच्या नागिणीचं एक मुंडकं तोडलं की दोन फुटायची. मग हेराक्लीसने तिला मारलं कसं? मुंडकी नक्की किती होती? आणि त्याच्या कामगिऱ्या कुठे १०, तर कुठे १२ का लिहितात?

उत्तर : सगळ्यात तपशीलवार हकिगत अपोलोडोरसच्या नावावर असलेल्या 'बिब्लिओथेका'त आहे. हायड्राचं बीळ लेर्ना इथे, अमिमोनी झऱ्यापाशी. हेराक्लीसने जळते बाण सोडून तिला बाहेर काढलं आणि घट्ट धरलं. तिने त्याच्या एका पायाला विळखा घातला. तो गदेने डोकी ठेचू लागला तर एकाच्या जागी दोन. त्यात एक भलामोठा खेकडा पायाला चावू लागला, त्याला आधी संपवावं लागलं.

अडचण अशी की डोकं गेलं तरी मानेचं बूड जिवंत राहत होतं. म्हणून त्याने पुतण्याला, इओलाऊसला, हाक मारली. इओलाऊसने जवळच्या रानाचा एक भाग पेटवला आणि जळत्या कोलितांनी मानांची बुडं डागून काढली, तेव्हा कुठे नवी डोकी फुटायची थांबली. उरलं मधलं डोकं. ते अमर होतं, त्यामुळे मारायचा प्रश्नच नव्हता. ते तोडून लेर्नाहून एलाइअसला जाणाऱ्या वाटेच्या कडेला पुरलं आणि वर जड शिळा ठेवली. शेवटी धड चिरून तिच्या पित्तात बाण बुडवले. हेच विष पुढे हेराक्लीसच्या मुळावर आलं. त्या बाणाने मेलेल्या नेसस या सेंटॉरचं (अर्धा माणूस, अर्धा घोडा) रक्त त्याच्या बायकोने, डेआनेइराने, वशीकरणाचं औषध समजून नवऱ्याच्या वस्त्राला लावलं.

मुंडक्यांचा आकडा ठरलेला नाही. 'बिब्लिओथेका' ९ सांगते, त्यांतली ८ मर्त्य. सिमोनिडीस हा ग्रीक कवी ५० म्हणतो. सगळ्यात मजेदार पॉसेनियस : इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातला हा प्रवासी लिहितो की डोकं एकच असणार, बाकीची पेइसँड्रोस कवीने प्राणी भयंकर वाटावा म्हणून चिकटवली.

कामगिऱ्या मुळात ठरल्या १०, आणि त्या ८ वर्षं १ महिन्यात झाल्या. पण त्या सोपवणाऱ्या एवरिस्थेउस राजाने दोन बाद केल्या. हायड्रा, कारण पुतण्याची मदत घेतली. ऑजियसचे गोठे, कारण ते काम मोबदला ठरवून केलं होतं. त्यांच्या बदल्यात हेस्पेरिडी या अप्सरांची सोन्याची सफरचंदं आणि पाताळातला कुत्रा सर्बेरस आणणं ही दोन कामं वाढली.

प्रश्न : लोकी थॉरचा भाऊ आहे का?

उत्तर : नाही, निदान मूळ नॉर्स (स्कँडिनेव्हियाच्या) पुराणकथांत तरी नाही. लोकीचा बाप फारबाउटी हा योटुन, म्हणजे राक्षसकुळातला; आई लाउफे. लोकी हा देवांचा प्रमुख ओडिन याचा रक्त मिसळून झालेला मानलेला भाऊ. 'लोकासेन्ना' या काव्यात भर मेजवानीत तो ओडिनला याची आठवण करून देतो. थॉर ओडिनचा मुलगा, म्हणजे नातं लावायचंच तर लोकी काका लागतो. भावाचं नातं लोकप्रिय केलं ते अमेरिकी कॉमिक्सनी.

प्रश्न : प्राचीन इजिप्तमध्ये मेलेल्या माणसाचं हृदय देवांपुढे पिसाशी तोलतात म्हणे. ते पिसापेक्षा जड भरलं तर काय व्हायचं? त्यात लबाडी चालायची का? या प्रसंगाचं मोठं चित्र काढायचं आहे.

उत्तर : हा प्रसंग 'मृतांचा ग्रंथ' या, मृताबरोबर ठेवायच्या मंत्रसंग्रहाच्या १२५व्या प्रकरणाचा. मृत माणूस ४२ न्यायदेवतांपैकी एकेकाचं नाव घेऊन 'मी हे केलेलं नाही' असं सांगतो. अनुबिस तराजू सांभाळतो, थोथ निकाल लिहितो. हृदय दोषी ठरलं तर अम्मित ही राक्षसी ते खाते, आणि माणूस कायमचा संपतो.

लबाडी म्हणा की तजवीज, सोय केलेली होती. ममी करताना मेंदू फेकून देत. फुप्फुसं, यकृत, जठर आणि आतडी चार बरण्यांत जात. हृदय मात्र शरीरातच ठेवत. छातीवर हिरव्या किंवा गडद दगडाचा भुंगा ठेवत आणि त्याच्या पोटाकडच्या बाजूला त्याच ग्रंथातला ३०-ब क्रमांकाचा मंत्र कोरत. त्यात माणूस स्वतःच्याच हृदयाला विनवतो की तराजूपुढे माझ्याविरुद्ध साक्ष देऊ नकोस.

चित्रात तराजूचा दांडा आडवा, समतोल ठेवा, कारण पोथी ज्याच्यासाठी लिहिली जाई तो तिच्यात निर्दोषच ठरे. हृदय लहान बुधल्याच्या आकाराचं काढा, दुसऱ्या पारड्यात सत्य-न्यायाची देवी मआत हिचं उभं पीस. अम्मितला मगरीचं डोकं, सिंहाचा पुढचा भाग आणि पाणघोड्याचा मागचा भाग. इ.स.पू. १२५०च्या सुमाराच्या अनीच्या पोथीत ती थोथच्या पाठीमागे आहे, हुनेफरच्या पोथीत थोथच्या पुढ्यात, तराजूला लागून. दोन्ही पोथ्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत; यांपैकी कोणतीही मांडणी चालेल.