परदेशात शिकताना घरच्यांबद्दल कृतज्ञता दाटून येते, पण फोनवर बोलताच येत नाही. काय करावं?

बोला. फोनवर जमत नसेल तर लिहा, पण मनात ठेवू नका. तुम्ही म्हणता, 'घरच्यांचे आभार मानले तर त्यांना परकेपणा वाटतो.' हेच वाक्य माझ्या दादानं मला ऐकवलं होतं. त्यावरून आमचं जे वाजलं ते अजून पुरतं मिटलेलं नाही, म्हणून हे उत्तर लिहायला बसले.

मी सांगलीची, कृष्णेकाठच्या गावभागातली. २०१८ साली पाण्याचं शास्त्र शिकायला जर्मनीत ड्रेस्डेनला गेले. तेव्हा व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये, म्हणजे दर महिन्याला ठरावीक रक्कमच काढता येते अशा खात्यात, ८,६४० युरो दाखवावे लागत. ते कुठून आले, कर्ज कसं झालं, हे सगळं सोडून देते. तुम्हीही त्यातून गेला असालच. सांगायचंय ते वहिनीबद्दल. मुंबईच्या व्हिसा मुलाखतीआधी माझी फाईल तिनं लावून दिली होती. प्रत्येक कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत, वर पेन्सिलीनं अनुक्रमांक. कुठला कागद पुन्हा मिळवायला किती हेलपाटे पडतात हे घरात तिच्याइतकं कोणालाच माहीत नव्हतं. जर्मनीला लागणार नव्हते ते मूळ दाखले मी त्याच फाईलमध्ये घालून माडीखालच्या खोलीत ट्रंकेत ठेवून आले.

ऑगस्ट २०१९ मध्ये इकडे माझ्या परीक्षा चालू होत्या आणि तिकडे कृष्णा चढत होती. कोयना धरणातून किती पाणी सोडलंय आणि सांगलीच्या आयर्विन पुलापाशी पातळी किती आहे, हे मी तासातासाला बघत होते. तिथली धोक्याची पातळी ४५ फूट. आमच्या भिंतीवर २००५ च्या पुराची खूण आहे आणि अख्ख्या गल्लीनं सामान हलवताना हिशेब त्या खुणेवर धरला. या वेळी पाणी ५७ फुटांच्याही वर गेलं. फोन लागला तेव्हा वहिनी एवढंच म्हणाली, "ताई, सगळं वर नेलंय. तुम्ही पेपर द्या." मग दोन दिवस फोन नाही. नंतर कळलं की सगळे विश्रामबागेत आत्याकडे गेलेत. मी पेपर दिले, पासही झाले. 'सगळं वर नेलंय' यावर माझा विश्वास होता.

फेब्रुवारी २०२० मध्ये घरी गेले तेव्हा जिन्याखाली वहिनीचं शिलाई मशीन दिसलं. गंजलेलं, मोटर काढून ठेवलेली. ती घरी पिको-फॉल आणि ब्लाउज करते, तिचे स्वतःचे म्हणावेत असे पैसे तेवढेच. पुराच्या त्या संध्याकाळी दादा शेजारच्या आजींना बाहेर काढायला गेला होता, आईचे गुडघे दुखतात. वहिनीनं आधी गिऱ्हाइकांच्या साड्या वर नेल्या, मग माझी ट्रंक. तेवढ्यात पाणी उंबऱ्याच्या आत आलं आणि मशीन खालीच राहिलं. हे मला आईनं सांगितलं. सहा महिने रोज फोन होत होता, पण वहिनी यातला एक शब्द बोलली नव्हती. माडीवर ट्रंक उघडून पाहिली तर फाईल कोरडी, नंबरसुद्धा तसेच.

रात्री जेवताना मी म्हटलं, "वहिनी, थँक्यू. माझ्या कागदांसाठी तुमचं मशीन गेलं." ती पोळी आणायच्या निमित्तानं आत गेली. दादा म्हणाला, "घरात कसले आभार? दीड वर्षात पार जर्मन झालीस तू."

मला ते तेव्हाही पटलं नाही, आजही पटत नाही. ड्रेस्डेनमध्येही २००२ च्या ऑगस्टमध्ये एल्बे नदी ९.४० मीटरपर्यंत चढली होती. त्स्विंगर संग्रहालयाच्या तळघरातली चित्रं कर्मचाऱ्यांनी आणि मदतीला आलेल्या लोकांनी हातोहात वर नेली. त्या शहरात ही गोष्ट आजही सांगतात. आमच्या घरात बाईनं पुराच्या पाण्यातून ट्रंक वर नेली तर ती गोष्टच होत नाही, ते तिचं कामच ठरतं. 'बोलून दाखवायचं नसतं' हे मी आजवर ज्यांच्या तोंडून ऐकलं ते सगळे घेणारे होते. देणाऱ्या माणसाच्या तोंडून एकदाही नाही.

म्हणून सांगते, नुसतं 'तुमच्यामुळे मी इथे आहे' असं म्हणू नका. त्यात कोणाचंच नाव नसतं. कुठल्या दिवशी कोणी काय केलं ते सांगा. आणि वस्तू पाठवून मोकळे होऊ नका. मी आधी चॉकलेटं आणि अत्तर पाठवलं होतं, ते अजून कपाटात आहे. मशीनसाठी पैसे पाठवले तर दादानं ते माझ्याच कर्जाच्या हप्त्यात भरले.

त्या एप्रिलमध्ये सगळं बंद असताना मी वहिनीला हातानं चार पानं लिहिली आणि फोटो काढून फक्त तिच्या नंबरवर पाठवली, घरच्या ग्रुपवर नाही. फाईल, नंबर, ट्रंक, मशीन, फोनवरचं ते वाक्य, सगळं लिहिलं. पेपर लिहिताना मला कशाची काळजी नव्हती आणि त्याची किंमत तिनं मोजली, हेही लिहिलं.

एक राहिलं. काही घरांत केलेल्या प्रत्येक गोष्टीची आठवण करून दिली जाते, सणावारी उपकार मोजले जातात. तुमचं घर तसं असेल तर माझं ऐकू नका, तिथे शब्द जपूनच वापरा. फोनवर नेमकं काय बोलायचं, हे मात्र मला अजूनही सांगता येणार नाही. माझाही गळा भरून येतो.

वहिनीचं उत्तर दोन दिवसांनी आलं. "ताई, पत्र आईंना वाचून दाखवलं. मग यांनी स्वतः मागून घेतलं आणि माडीवर जाऊन वाचलं. दुकानं उघडली की मशीनची मोटर बघू म्हणालेत. तुमच्या ब्लाउजचं माप पाठवून ठेवा."