रात्रीचे कुटुंबाचे जेवण आनंदाचे आणि आठवणीत राहण्याजोगे कसे करावे?

आपण लिहिले आहे की, घरातील सर्वजण रात्री एका वेळी जेवतात खरे, पण दहा मिनिटांत जेवण उरकून आपापल्या खोलीत निघून जातात. यावर उपाय शोधण्याआधी एक गोष्ट पाहावी, असे मी सुचवीन: स्वयंपाक करणारी व्यक्ती त्या पंगतीत बसलेली असते का?

आमच्या घरी कितीतरी वर्षे ती नसे. तव्यावरची पोळी थेट पानात पडली पाहिजे, ही माझ्या माहेरची आणि सासरचीही रीत असल्यामुळे मी ओट्यापाशी उभी असे, मुले आणि त्यांचे बाबा जेवून उठत आणि मग सासूबाई व मी आमची पाने वाढून घेत असू. पोळी गरम मिळे, पण पंगत रोज मोडे. अखेर आम्ही ठरवले की, पोळ्या साडेसातपर्यंत करून फडक्यात गुंडाळून डब्यात ठेवायच्या, भाजी-आमटीची पातेली मधोमध आणायची आणि आठ वाजता पाचही जणांनी एकदम बसायचे. काही दिवस निवलेल्या पोळीबद्दल कुरकुर झाली, ती मी मनावर घेतली नाही.

दुसरा बदल म्हणजे वाढण्याचे काम मुलांकडे दिले. वर मध्यभागी मीठ, डावीकडे लिंबाची फोड, चटणी आणि कोशिंबीर, उजवीकडे भाजी व आमटीची वाटी, हे आमची धाकटी सातव्या वर्षी शिकली. वाढणाऱ्याला प्रत्येकाच्या पानाकडे लक्ष द्यावे लागते. त्यामुळे आजी भात कमी का घेते, हे तिने स्वतःहून विचारले आणि त्या प्रश्नातून सासूबाईंच्या लहानपणीच्या पंगतींच्या गोष्टी निघाल्या. लग्नाच्या पंगतीत जेवणारे एकामागून एक श्लोक म्हणत, हे मुलांना तेव्हा प्रथमच कळले. आता शुक्रवारी आमच्याकडेही ज्याला हवे तो काहीतरी म्हणून दाखवतो. सक्ती मात्र कोणालाही नसते.

जेवताना बोलू नये, हा जुना नियम मला पटत नाही. परीक्षेचे गुण, फी आणि उसनवारी हे विषय मात्र आम्ही पानावर काढत नाही. मोबाइल दुसऱ्या खोलीत राहतो.

थालीपीठ गरमच खावे लागते, म्हणून ते रविवारी करतो आणि तेव्हा विजेची शेगडी जेवणाच्या टेबलावरच आणतो. भाजणी मी भिजवते, पण ओल्या फडक्यावर थापणे, बोटाने भोके पाडणे, त्यांत तेल सोडणे आणि झाकण ठेवणे, हे ज्याचे त्याने करायचे असते. या जेवणाला सहज दीड तास लागतो आणि कोणीही मध्येच उठत नाही.

आपल्याकडे रोज जमत नसेल, तर आठवड्यातील दोन रात्रींपासून सुरुवात करावी. फक्त त्या दोन रात्री ओट्यापाशी कोणीही उभे राहू नये.