लिंबू-सोडा लावून दात पांढरे होतात का?

चहा आणि गावच्या बोअरच्या पाण्यानं दात पिवळे पडलेत, तर लिंबू-सोडा, कोळसा, तेलाच्या गुळण्या यातलं काय करू, असं तुम्ही विचारलंय. मी दातांच्या दवाखान्यात मदतनीस आहे. हा प्रश्न लोक खुर्चीत बसायच्या आधीच विचारतात.

लिंबू तर लावूच नका. लिंबाच्या रसाचा पीएच, म्हणजे आंबटपणाचं माप (आकडा जितका कमी तितकं आम्ल जास्त), दोन-अडीचच्या आसपास असतो आणि दातावरचं कडक आवरण, म्हणजे इनॅमल, साधारण ५.५ च्या खाली विरघळायला लागतं. लिंबू चोळल्यावर दात लगेच पांढरा दिसतो, हे खरं. लोक फसतात ते तिथेच. तो पांढरेपणा खडूसारखा निस्तेज असतो, कारण वरचा थर खाल्ला गेलेला असतो. इनॅमल एकदा गेलं की परत येत नाही. ते पातळ झालं की त्याच्या आतला थर, डेंटीन, दिसायला लागतं आणि त्याचा मूळ रंगच पिवळसर असतो. वर गार पाण्यानं सणक जायला लागते ती वेगळीच. त्यात सोडा घातला की जे फसफसतं, ते दोघं एकमेकांना मारतात म्हणून. दाताला त्यातून काही मिळत नाही.

नुसता खाण्याचा सोडा मात्र बरा. तो इनॅमलपेक्षा मऊ असतो, पाण्यात विरघळतो आणि चहाचे वरवरचे डाग काढतो. आठवड्यातून एखाद-दोनदा, चिमूटभर, ओल्या मऊ ब्रशवर, हलक्या हातानं. पेस्ट मात्र फ्लोराइडची, रोज दोनदा, ती सोडायची नाही.

कोळसा म्हणजे आपली जुनी राखुंडीच, आता ती काळ्या ट्यूबमधून महाग विकतात एवढंच. वर्षानुवर्षं राखुंडीनं दात घासलेली माणसं येतात, तेव्हा हिरडीजवळ दाताच्या मुळाशी आडव्या खाचा पडलेल्या दिसतात, नख अडकेल इतक्या. मशेरीबद्दल तर बोलायलाच नको. तव्यावर भाजलेली असली तरी ती तंबाखूच. मशेरी लावल्यावर बरं वाटतं ते निकोटिनमुळे, आणि तोंडाच्या कर्करोगाची भीती तिच्यातही आहेच. दंतमंजनात आणि टूथपेस्टमध्ये तंबाखू घालायला आपल्याकडे १९९२ पासून बंदी आहे, पण घरात भाजणाऱ्याला कोण अडवणार!

तिळाच्या तेलाच्या गुळण्या करायच्या तर करा, तोंड स्वच्छ वाटतं. रंग बदलेल ही आशा नको. कडुनिंबाच्या काडीचंही तसंच: नीट चावून कुंचा केला आणि हळू फिरवला तर दात साफ होतात. जोर लावला तर हिरड्या सोलवटतात.

आता एक करून बघा. खालच्या पुढच्या दातांच्या मागच्या बाजूनं जीभ फिरवा. खरखरीत, दात आणि हिरडी यांच्यामध्ये पायरी असल्यासारखं लागलं तर ते किटण. लाळेच्या नळ्या तिथेच उघडतात, त्यामुळे ते आधी तिथे धरतं. किटण कुठल्याही घरगुती उपायानं निघत नाही, दवाखान्यातच काढून घ्यावं लागतं. ते काढल्यानं दात हलतात असं गावभर सांगतात. खरं तर हिरडी आधीच सुटलेली असते आणि मधल्या फटी किटणानं बुजलेल्या असतात, ते निघाल्यावर त्या दिसतात.

राहिलं तुमचं बोअरचं पाणी, आणि मला खरी शंका तिथेच आहे. डाग तपकिरी किंवा पांढरट पट्ट्यांचे असतील, लहानपणापासून असतील आणि गावातल्या इतरांचेही तसेच असतील, तर ते पाण्यातल्या जास्तीच्या फ्लोराइडचे आहेत. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेडकडे असे दात खूप दिसतात. हा डाग दात हिरडीत तयार होत असतानाच आत बसतो, त्यामुळे घासून जाणार नाही. तो कमी करायचा तर डॉक्टरकडेच उपाय आहेत. पाण्यात लिटरला १.५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त फ्लोराइड नसावं. भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या जिल्ह्याच्या प्रयोगशाळेत पाणी तपासून मिळतं. उकळून फ्लोराइड जात नाही, पाणी आटल्यामुळे उलट वाढतं. आरओनं कमी होतं. घरात आठ वर्षांच्या आतलं मूल असेल तर तुमच्या दातांचं नंतर बघू, पाण्याची बाटली आधी तपासायला द्या.