लग्नाच्या २५व्या वाढदिवसाला दोघांसाठी छोटं लक्झरी क्रूझ जहाज कोणतं निवडावं? बाल्कनी हवीच का?

तुमच्या प्रश्नात दोन भाग आहेत. पहिल्यात छोट्या जहाजांच्या कंपन्या आणि जहाजं मिळून चार नावं: सीड्रीम, विंडस्टार, सीबोर्न आणि रिट्झ-कार्लटनचं एव्हरीमा. दुसऱ्यात तुम्ही लिहिलंय की यजमान म्हणतात बाल्कनी नसेल तर पैसे फुकट, आणि नणंद विचारतेय, "दोघंच जाऊन काय करणार, आम्हीही येऊ का?" पहिल्या भागाचं उत्तर कोणीही देईल. दुसरा वाचला आणि मी लिहायला बसले.

नणंदेला नाही म्हणा. बुकिंग करायच्या आधी म्हणा.

मी १९८९ साली लग्न होऊन नायगावच्या बीडीडी चाळीत आले. खोली १६० चौरस फुटांची. सासूबाई, दोन दीर, वन्सं आणि आम्ही दोघं. दीर रात्री पॅसेजमध्ये झोपायचे, आत आम्ही चौघं, मध्ये दोरीवर लावलेला पडदा. नवरा-बायकोला चार वाक्यं बोलायची असतील तर दादर चौपाटी गाठायला लागायची. दर रविवारी साडेपाच ते साडेसात, खिशात शेंगदाण्यांची पुडी. कठड्यावर आमच्यासारखीच जोडपी, दोन जोडप्यांत दोन हातांचं अंतर, आणि कोणी कोणाकडे बघायचं नाही. मुंबईत आमच्या पिढीतल्या कितीतरी जणांचे संसार असेच समुद्राकडे तोंड करून सुरू झाले. म्हणून कोणी "दोघंच जाऊन काय करणार" असं म्हटलं की मला आजही राग येतो.

आमचा २५वा वाढदिवस २०१४ साली होता. वन्संनी सगळं ठरवलं, प्रेमाने ठरवलं, हेही लिहिते. सिंगापूरहून चार रात्रींची क्रूझ, भलंमोठं जहाज, आणि आम्ही घरचे अकरा जण. उत्सवमूर्ती आम्ही, म्हणून बाल्कनीवाली केबिन आम्हाला आणि बाकीच्यांना आतल्या, बिनखिडकीच्या. व्हायचं तेच झालं. बाल्कनी एकच, त्यामुळे अकराही जण दिवसभर आमच्याकडे. पलंगावर पत्ते, टेबलावर भडंग आणि लिंबाचं लोणचं, कठड्यावर भाच्यांचे ओले टॉवेल. सकाळी नाश्त्याला ताट हातात घेऊन टेबलं शोधायची, दुपारी लिफ्टसमोर उभं राहायचं. चार रात्रींत त्या बाल्कनीत मी ह्यांच्याबरोबर एकटी बसले ती शेवटच्या पहाटे, वीस मिनिटं, बाकीचे उठले नव्हते म्हणून. एका खुर्चीवर कोणाचीतरी ओली चड्डी होती, ती मी खाली ठेवली आणि बसले. तेवढ्यात दारावर थाप पडली. चहा मिळेल का विचारायला भाऊजी आले होते.

तर बाल्कनीचा माझा अनुभव हा असा आहे.

आमचे हे ३४ वर्षं माझगाव डॉकमध्ये होते. आयुष्य जहाजं बांधण्यात गेलं, पण लहानपणी भाऊच्या धक्क्यावरून मालवणला जाणाऱ्या आगबोटीनंतर ह्यांनी केलेला समुद्रप्रवास म्हणजे ते सिंगापूर. २०१९ साली हे निवृत्त झाले आणि मी ठरवलं, आता दोघंच. ग्रॅच्युइटी हातात होती, मुलाचं शिक्षण झालं होतं. ह्यांनी एक दोनशे पानी वही केली आणि प्रत्येक जहाजाचा हिशेब मांडायला घेतला. ग्रॉस टनेज भागिले प्रवासी. टनेज म्हणजे वजन समजू नका, ते जहाजाच्या आतल्या जागेचं माप आहे. भागाकार जितका मोठा तितकी माणशी जागा जास्त. तुमच्यासाठी ह्यांनी काल ती वही पुन्हा काढली आणि नवी जहाजंही त्यात घातली. सध्याच्या महाकाय जहाजांपैकी आयकॉन ऑफ द सीज: टनेज जवळपास २,४८,७००, केबिनला दोघं धरून ५,६१० प्रवासी, म्हणजे माणशी ४४. सीबोर्नचं ओव्हेशन, ६०० प्रवासी, ७०च्या आसपास. एव्हरीमा, १४९ स्वीट आणि २९८ प्रवासी, ८०च्या पुढे. आणि सीड्रीम, टनेज सुमारे ४,३००, प्रवासी ११२. माणशी ३८.

म्हणजे हिशेबाने सीड्रीम आयकॉनपेक्षाही दाटीचं. बाल्कनी एकाही केबिनला नाही. सर्वांत खालच्या डेकवरच्या केबिनना गोल खिडक्या, वरच्यांना मोठी काच. नेहमीची केबिन १९५ चौरस फूट. कंपनीची दोन्ही जहाजंही जुनी, १९८४ आणि १९८५ सालची. सीड्रीमचं हे सगळं बघून तेव्हा, २०१९ साली, मी म्हटलं, मग हे नको. हे म्हणाले, "अगं, ११२ माणसं म्हणजे आपल्या चाळीतला एक मजला. वीस खोल्या. आणि इथे एका खोलीत दोघंच." शिवाय नोकरवर्ग ९५च्या घरात. माझा होकार तिथे झाला.

सप्टेंबर २०१९, अथेन्सच्या पिरेअस बंदरातून क्रोएशियातल्या डुब्रोव्हनिकपर्यंत सात रात्री. मुख्य आकर्षण होतं ग्रीसमधला कोरिंथचा कालवा. साडेसहा किलोमीटरच्या आत-बाहेर लांबी, पाण्याच्या पातळीला रुंदी जेमतेम २५ मीटर आणि दोन्ही बाजूंना उभा कापलेला चुनखडीचा कडा. १८९३ साली खुला झाला, तेव्हाच्या जहाजांच्या मापाने. आजची मोठी क्रूझ तिथे शिरूच शकत नाही. आमचं जहाज साडेचौदा मीटर रुंद, म्हणजे दोन्ही बाजूंना पाचेक मीटर. पुढे टग दोर लावून ओढत होता. कालव्याच्या तोंडाशी रस्त्याचा पूल होता, तो वर उचलला जात नाही, पाण्यात खाली बुडतो. जहाज त्याच्यावरून गेलं. हे कठड्याशी वाकून तो पूल कुठे गेला ते शोधत होते. मग कडे सुरू झाले. दगडात मातकट-पिवळे थर, मध्येच एखादं झुडूप, आणि इंजिनाचा आवाज भिंतीवर आपटून दुप्पट होऊन परत येत होता. हे थर मोजत होते. वर आभाळाची चिंचोळी पट्टी. पाऊण तासात हे एक शब्द बोलले नाहीत, माझा हात मात्र कठड्यावर दाबून धरला होता. आजूबाजूला चाळीसेक माणसं असतील, सगळी गप्प.

रात्री डेकवरच्या रुंद गाद्यांवर झोपता येतं. आधी सांगून ठेवलं की चादरी-उशा घालून देतात. आम्ही दोन रात्री उघड्यावर झोपलो. दुसऱ्या रात्री ह्यांनी मला त्यांच्या वडिलांबद्दल जे सांगितलं ते तीस वर्षांत सांगितलं नव्हतं. ते इथे लिहिणार नाही.

क्रोएशियातल्या कोर्चुलाला जहाज बाहेर नांगरलं आणि छोट्या बोटीतून आम्हाला धक्क्यावर नेलं. हे त्या बोटीत पाय टाकताना म्हणाले, "पडाव." मालवणला आगबोट अशीच खोल पाण्यात उभी राहायची आणि माणसं, ट्रंका, कोंबड्या पडावातून किनाऱ्याला लागायच्या. छोट्या जहाजाचा खरा फायदा हा, की ते तुम्हाला अशा गावांत नेतं जिथे पाच हजार माणसं एकदम उतरली तर गावच दिसणार नाही.

आता तुमची जहाजं. एव्हरीमा आणि सीबोर्नच्या ओव्हेशन-एन्कोरवर प्रत्येक स्वीटला स्वतःची बाल्कनी आहे. यजमान हट्ट सोडणार नसतील तर या दोनांतच बघा. सीबोर्नमध्ये दारू आणि टिप भाड्यात धरलेली असते. विंडस्टारची स्टार ब्रीझ, स्टार लेजंड, स्टार प्राइड ही ३१२ प्रवाशांची. तिथे 'बाल्कनी' शब्दाला फसू नका, बऱ्याच स्वीटला नुसतं सरकतं काचेचं दार आणि कठडा असतो, बाहेर खुर्ची टाकायला जागा नसते. तिथे साध्या भाड्यात दारू येत नाही, पॅकेज वेगळं, म्हणून भाडी शेजारी-शेजारी ठेवून तुलना करू नका, सगळं मिळवून करा. शिडाची जहाजं हवी असतील तर त्यांचंच विंड स्पिरिट आहे, १४८ प्रवासी. पोनां (Ponant) या कंपनीचं नाव तुम्ही घेतलं नाहीत. जहाजं सुरेख आहेत, पण वातावरण फ्रेंच. तुम्हा दोघांना ते आवडणार असेल तर जरूर बघा. माझं मत विचाराल तर जोडप्याने शक्यतो ३००च्या वर जाऊ नये.

व्हिसा शेंगेनचा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून एकच, आणि मल्टिपल एंट्रीच मागा. ग्रीसहून निघून तुर्कस्तानच्या बंदरात उतरून परत ग्रीसला आलात तर तुम्ही शेंगेनमधून बाहेर पडून पुन्हा आत येता. क्रोएशिया २०२३पासून शेंगेनमध्ये आहे, मॉन्टेनेग्रो नाही. शाकाहारी असाल तर बुकिंगच्या वेळीच लेखी कळवा, जहाजावर चढल्यावर सांगून उपयोग नाही, भाजी भर समुद्रात मिळत नाही. टीसीएस, म्हणजे परदेश सहलीच्या पैशांवर आगाऊ घेतला जाणारा आयकर, कापतील त्याला घाबरू नका, रिटर्न भरताना तो वळता होतो. बँकेत होते म्हणून हे सांगते, लोक तो खर्चात धरून उगाच बेत रद्द करतात.

आणि महिना. जुलै-ऑगस्टमध्ये ग्रीस आणि तुर्कस्तानमधल्या एजियन समुद्रात उत्तरेकडून मेल्टेमी वारा सुटतो, छोटं जहाज तेव्हा चांगलंच हलतं. मे-जून किंवा सप्टेंबर धरा.

हे आधी लिहायला हवं होतं: तुमच्यापैकी कोणाला गुडघ्यांचा त्रास असेल किंवा समुद्र लागत असेल तर सीड्रीम घेऊ नका. पडावासारख्या बोटीत चढता-उतरता यायला हवं, आणि इतकं लहान जहाज मोठ्यापेक्षा जास्त डुलतंच. अशा वेळी सीबोर्न बरं. केबिन जहाजाच्या मधोमध आणि खालच्या डेकवर घ्या, झोका तिथे कमी बसतो. उलटीची गोळी मळमळ सुरू झाल्यावर घेऊन फायदा नाही, आधी घ्यायची, आणि बीपी-शुगरची औषधं चालू असतील तर डॉक्टरांना विचारून. मला आयोनियन समुद्रात एक संध्याकाळ वाईट गेली, जेवण तसंच राहिलं. कोणाला दिवसभर करमणूक, शो, कसिनो लागत असेल तर त्यांनाही छोटं जहाज मानवणार नाही. आमच्या वन्संना मानवलं नसतं. त्यांना माणसं लागतात आणि त्यात चूक काहीच नाही.

पण वन्सं आजही प्रत्येक लग्नकार्यात विचारतात, "बाल्कनी नव्हती ना तुमच्या त्या जहाजाला? मग तेरा लाख कशाचे दिले?" विमान, व्हिसा, दोन रात्री अथेन्सचं हॉटेल धरून दोघांचे तेरा लाख झाले, हे खरं. त्या पैशांत अकरा जण पुन्हा सिंगापूरला जाऊन आले असते, हेही खरं असेल. तेरा लाख मी त्या १९५ चौरस फुटांसाठी दिले, ज्यांच्या दारावर सात दिवस कोणी थाप मारली नाही. ती खोली नायगावच्या खोलीपेक्षा ३५ फुटांनी मोठी होती आणि तिच्यात पडदा लावायला लागत नव्हता. पहिल्या सकाळी उठल्यावर मी सवयीने आवाज न करता उठले, पायात चपला न घालता. हे म्हणाले, "अगं, कोण झोपलंय इथे?"

वन्संना हे मी कधी बोलून दाखवलं नाही. त्यांचाही बिछाना पडद्याच्या पलीकडे हातभर अंतरावर होता, आणि लग्न होऊन गेल्यावर त्यांना घर मिळालं तेही माणसांनी भरलेलं. एकटं असणं म्हणजे त्यांना घाबरल्यासारखं होतं. पण म्हणून आमच्या २५व्या वाढदिवसाचं जे झालं ते तुमच्या २५व्याचं होऊ देऊ नका. मोठी सहल हवी असेल तर दिवाळीत सगळ्यांना घेऊन गोव्याला जा, त्यांच्या तिकिटाचे पैसेसुद्धा तुम्ही द्या. ही सहल वेगळी ठेवा.

आणि नणंदेला नाही सांगायचा फोन तुम्ही करू नका, यजमानांना करू द्या. बहीण त्यांची आहे. २०१९ साली ह्यांनी तो केला नाही. मला करावा लागला, बँकेतून, जेवणाच्या सुट्टीत, आणि वन्संच्या लेखी तेव्हापासून भावाला तोडणारी मी आहे. कोरिंथच्या कालव्याचं सगळं श्रेय मी ह्यांना देते, पण त्या फोनबद्दल अजून बोलते.